जुन्या फाइलींतली मराठी

नवा लॅपटॉप घरी आला की जुन्या संगणकातल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि नव्यात टाकायच्या, एवढं आता बहुतेकांना जमतं. मराठी फाइली मात्र इथेच दगा देतात. सोसायटीची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची इतिवृत्तं, मंडळाचे अहवाल, वडिलांनी हौसेनं टाइप करून घेतलेल्या आठवणी उघडाव्यात, तर समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल बिघडली असं समजून कित्येक जण ती पुसून टाकतात. मजकूर मात्र तिच्यात जसाच्या तसा शाबूत असतो.

कृतिदेव, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. आत साठवली जायची ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवायचा. त्यातही कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. त्यामुळे एका डीटीपीवाल्याची फाइल दुसऱ्याकडे उघडेलच याची खात्री नसे.

युनिकोडनं हा गुंता सोडवला. त्यात ‘क’ला ०९१५ हा एकच क्रमांक आहे, मग फॉन्ट कोणताही असो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेली. घरच्या संगणकापर्यंत यायला तिला वेळ लागला. विंडोज २०००मध्ये र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट आला. पण एक्सपीमध्येही सेटिंगमध्ये शिरून एका चौकोनात टिकमार्क करावा लागे आणि पुष्कळदा विंडोजची सीडीही शोधावी लागे. हे कोणी न सांगितल्यामुळे संगणकात मराठी येतच नाही, अशी अनेकांची वर्षानुवर्षं समजूत राहिली.

अक्षरं दिसू लागली तरी टाइप कसं करायचं हा प्रश्न उरलाच. टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांना ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ अशी सवय. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. वर्णमाला येणाऱ्याला ही रचना लवकर उमगते. ती शाळेतच शिकवायला हवी होती. तसं झालं नाही, आणि बहुतेक लोक रोमन अक्षरांत मराठी लिहीत राहिले. गुगलनं २०१७मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, तेव्हा कीबोर्डला बिचकणाऱ्यांनाही वाट मिळाली.

तरी मराठीची काही दुखणी खास तिचीच आहेत. आचाऱ्याला जेवणाचे पैसे द्यायचे आणि आचार्याला नमस्कार करायचा, हा फरक त्या अर्ध्या ‘र’वर उभा आहे. हा ‘ऱ्य’ टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, आत क्रमांक वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलं जाई, आणि अजूनही अनेक जण तसंच करतात. त्यामुळे दोनशे पानांच्या फाइलीत ‘ॲडव्होकेट’ शोधला तर निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. माणूस स्वतःलाच दोष देतो, पण चूक त्याची नसते.

छपाईच्या जगात जुने फॉन्ट जास्त टिकले, कारण पानं जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी झेपत नव्हती. त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२च्या सीएस६ आवृत्तीत आली. तोवर शेकडो अंक आणि पुस्तकं जुन्या फॉन्टमध्येच जुळवून झाली होती.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आज फुकट मिळतात. मूळ फॉन्टचं नाव ठाऊक असणं ही त्यांची एकमेव अट. वर्डमध्ये फाइल उघडून मजकुरावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत ते नाव दिसतं, फॉन्ट संगणकात नसला तरीही. ते टिपून घ्यावं, मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवावी, आधी एकच पान बदलून पाहावं. रफार, पहिली वेलांटी, ‘ऱ्य’ आणि अवतरणचिन्हं एवढ्या जागा डोळ्यांखालून घालाव्यात. परिवर्तक बहुधा तिथेच अडखळतो.