रिंगखालची एकट्याची मेहनत

मुलगा किंवा मुलगी बास्केटबॉलमध्ये रमली की थोड्याच दिवसांत घरात एक प्रश्न येतो. शाळेत सराव आठवड्यातून दोनदा. एका रिंगवर पंधरा मुले. प्रत्येक जण रांगेत उभा राहतो, एकदा चेंडू टाकतो आणि पुन्हा रांगेच्या टोकाला जातो. तासाभरात चेंडू हातात येतो तो जेमतेम तीन-चार मिनिटे. मग खासगी कोच लावायचा का? फीचा आकडा ऐकून अब्बा गप्प होतात, अम्मी म्हणते, "दहावी होऊ दे, मग बघू." विषय तिथेच मिटतो आणि वर्षभरात खेळही सुटतो.

वैयक्तिक सराव म्हणजे पैसे देऊन आणलेला कोच, अशी समजूत झाल्यामुळे हे होते. चांगला कोच मिळाला तर उत्तमच. चूक दाखवायला जाणती नजर लागतेच. पण या खेळातले कौशल्य हातात मुरते ते कोच घरी गेल्यावर, एकच गोष्ट शंभर वेळा करण्यात. त्यासाठी एक चेंडू, एक कोपरा, ठरलेली वेळ आणि शक्य असल्यास मोजणारे एखादे माणूस पुरते. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला प्रिय, हे आपण मुलांना इबादतीच्या बाबतीत शिकवतो. खेळातही हिशोब तोच आहे.

१९४२ साली शिकागोच्या डी पॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन नावाचा एक मुलगा आला. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड चष्मा, चाल बेंगरूळ. लहानपणी गुडघ्याला मोठी दुखापत होऊन तो बराच काळ अंथरुणाला खिळला होता. अशी उंच मुले बास्केटबॉलच्या कामाची नसतात, असे त्या काळी बरेच लोक मानत. विद्यापीठाचे कोच रे मेयर तेव्हा नवखे होते, अजून तिशीतही आले नव्हते. त्यांनी या मुलाला एकट्याला धरले. दोरीवरच्या उड्या, बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे, पावले हलकी पडावीत म्हणून चक्क नाचाची शिकवणी! आणि रोज रिंगखाली उभे राहून उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग पुन्हा उजव्या हाताने हुक शॉट. पुढे तोच मायकन इतका भारी पडू लागला की एनबीएला त्याच्यामुळे नियम बदलावा लागला. १९५१ साली रिंगसमोरची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आली.

त्याच्या त्या सरावाला आज जगभर मायकन ड्रिल म्हणतात. रिंगच्या खाली, किंचित उजवीकडे उभे राहायचे. डावा पाय पुढे टाकून उडी आणि उजव्या हाताने चेंडू फळीवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला हलकेच लावायचा. तो जाळीतून खाली येताच, जमिनीवर पडू न देता झेलायचा. लगेच उजवा पाय टाकून डाव्या बाजूने डाव्या हाताने. पुन्हा झेल, पुन्हा उजवीकडे. चेंडू हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कारण सामन्यात खाली आणलेला चेंडू कोणीतरी हिसकावून नेतोच. पहिल्या दिवशी पाय चुकतात, डावा हात मुळीच ऐकत नाही, दहा वेळात दम लागतो. तीन-चार आठवड्यांनी पावलांना ठेका सापडतो. हे करायला अर्धे मैदानही लागत नाही, फक्त रिंगखालची जागा पुरते. म्हणून शाळेची तालीम सुरू होण्याआधीची दहा मिनिटे मागून घ्यावीत. बहुतेक कोच आनंदाने देतात.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळकरी मुलाला हाच सराव दाखवला गेला. तो वर्गात सर्वांपेक्षा उंच होता आणि त्या उंचीचे काय करावे हे त्याला कळत नव्हते. रिंगखाली दोन्ही हातांनी तेच ते करत राहून त्याला ते कळले. पुढे विद्यापीठात तो इतका पुढे गेला की १९६७ साली महाविद्यालयीन सामन्यांत चेंडू वरून थेट रिंगमध्ये ठोकण्यावरच बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. सोपा मार्ग बंद झाल्यावर त्याने लहानपणीचा हुक शॉटच इतका घासला की हात पूर्ण ताणून, डोक्याच्या वरून सोडलेला तो चेंडू अडवणे जवळपास अशक्य झाले. याच काळात त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल जब्बार या नावाने ओळखू लागले. वीस हंगाम, सहा अजिंक्यपदे, ३८,३८७ गुण. हा गुणांचा विक्रम २०२३ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. उंची अल्लाहची देणगी होती, यात शंका नाही. पण डावा हात त्यांनी स्वतः कमावला.

आता रिंगच नसेल तर? आपल्या वस्त्यांत ती नसतेच बहुधा. तरी निम्मा खेळ रिंगशिवाय शिकता येतो. एका जागी वाकून, डोळे समोर ठेवून डाव्या हाताने टप्पे मारायचे. चेंडूकडे पाहायचे नाही. समोर धाकटा भाऊ बोटे दाखवत असेल तर ती मोजून सांगायची. भिंतीवर ठरलेल्या खुणेला पास मारून परतीचा चेंडू दोन्ही हातांनी पकडायचा. अंथरुणावर पाठीवर पडून चेंडू सरळ वर फेकायचा आणि तो नाकावर न पडता हातातच आला पाहिजे. मनगट सरळ आहे की नाही हे यात लगेच कळते. एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी: दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर घरात टप्पे मारू नयेत. खालच्या खालांची दुपारची झोप मोडून शिकलेला खेळ फार दिवस चालत नाही. गच्ची, जिन्याखालची मोकळी जागा, शाळेचे आवार, काहीतरी सापडते.

चेंडू घेतानाही लोक फसतात. मोठ्या भावाचा सात नंबरचा चेंडू नऊ वर्षांच्या मुलाला दिला की तो खांद्याने ढकलू लागतो आणि ती सवय पुढे जाता जात नाही. लहान मुलांना पाच नंबर, मोठ्या मुलींना सहा, मोठ्या मुलांना सात. रिंगही मोठ्यांची ३.०५ मीटरवर असते, पण लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर ठेवतात. रिंग खाली आणता येत नसेल तर मुलाला जवळ उभे करावे. तीन पावलांवरून नीट पडू लागल्याशिवाय मागे जाऊ देऊ नये. मुलांना लांबून मारण्याचा मोह असतो, कारण मोबाइलवर तेच दिसते.

आपल्याकडे हा खेळ परका आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने मुंबईच्या नागपाड्यात एक संध्याकाळ काढावी. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस उभारले. या दाट मुस्लिम वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की तिथली मुले अनेक पिढ्या राज्याच्या आणि देशाच्या संघांत खेळत आली. भारताचे कर्णधार आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी गुलाम अब्बास मुंतासिर त्याच मोहल्ल्याचे. चाळीतल्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांनी हे केले, घरामागे स्वतःचे मैदान असलेल्यांनी नव्हे.

एकट्याच्या सरावाची मर्यादाही मान्य करायला हवी. खुर्ची ठेवून तिला चकवणे सोपे असते, खुर्ची हात घालत नाही. नायजेरियाच्या लागोसमध्ये वाढलेले हकीम ओलाजुवान लहानपणी फुटबॉल आणि हँडबॉल खेळत, बास्केटबॉल त्यांनी पंधराव्या वर्षाच्या सुमारास हाती घेतला. पावलांची चपळाई त्या आधीच्या खेळांतून आली होती. अमेरिकेत ह्यूस्टनला शिकायला गेल्यावर उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ते तिथल्या एका सार्वजनिक व्यायामगृहात मोझेस मलोन यांच्याशी समोरासमोर खेळत. मलोन तेव्हा व्यावसायिक बास्केटबॉलमधले सर्वांत दांडगे खेळाडू. त्या धक्काबुक्कीतून हकीम घडले. म्हणून आठवड्यातून एकदा तरी आपल्यापेक्षा वरचढ मुलाशी एकास एक खेळावे, हरावे, आणि कुठे हरलो ते घेऊन पुन्हा भिंतीपाशी यावे. हेच हकीम रमजानचे रोजे ठेवून सामने खेळत. फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजान होता आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने त्यांचीच निवड केली. पण ते तेव्हा बत्तीस वर्षांचे, कसलेल्या शरीराचे होते. आपल्या बारा-तेरा वर्षांच्या रोजेदाराने दुपारच्या उन्हात धावू नये. इफ्तारच्या आधी अर्धा तास नुसते फ्री थ्रो किंवा मनगटाचा सराव पुरे, पळापळ इफ्तारनंतर.

याच ओघात आई-वडिलांना एक बोलावेसे वाटते. मेहनतीचे कौतुक करता करता आपण मुलाला दामटू लागतो. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला सामने, शाळेचा सराव, घरचा सराव सगळे धरून अकरा तास ही कमाल मर्यादा झाली, लक्ष्य नव्हे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. झपाट्याने उंची वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली, नळीच्या हाडावर दुखू लागले तर "मर्द बन" म्हणून उड्या मारायला लावू नये. वाढत्या हाडावर स्नायूंचा ताण येऊन ते दुखते आणि उड्या थांबवून विश्रांती दिली की बहुतेकदा बरे होते. दुखणे राहिलेच तर डॉक्टर. शरीराचा आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण घरात सांगितली जाते, ती मैदानावरही लागू आहे. आणि फज्रला उठून सराव करणाऱ्या मुलाने रात्री बारापर्यंत मोबाइल पाहिला तर ती मेहनत वाया जाते. या वयात आठ ते दहा तास झोप लागते.

मुलींचे काय, हा प्रश्न शेवटी आला, पण त्याचे वजन सर्वांत जास्त आहे. एकट्याच्या सरावाची सर्वाधिक गरज त्यांनाच असते, कारण मैदान त्यांच्याकडून सर्वांत आधी जाते. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाहेर खेळणे थांबते, सहा महिने चेंडू हातात येत नाही आणि मग शाळेच्या निवडीत त्या मागे पडतात. लोक म्हणतात, मुलींना आवडच नसते. गच्चीवर रोज वीस मिनिटे मिळाली असती तर हात जिवंत राहिला असता. भाऊ खेळतो तेवढा वेळ बहिणीलाही चेंडू मिळतो का, हे घरात एकदा मोजून पाहावे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बिल्किस अब्दुल कादिर यांनी हिजाब घालून शालेय सामन्यांत ३,०७० गुण केले. २००९ साली शाळा सोडली तेव्हा त्या राज्यात मुलगा किंवा मुलगी, कोणाच्याही नावावर एवढे गुण नव्हते. विद्यापीठाच्या वरच्या श्रेणीत हिजाब घालून खेळणाऱ्या त्या पहिल्या. पुढे व्यावसायिक खेळात मात्र दार बंद झाले, कारण आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या नियमात डोके झाकायला परवानगी नव्हती. याच नियमामुळे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतून कतारच्या महिला संघाने माघार घेतली होती. बिल्किस आणि त्यांच्यासारख्या अनेकींनी पाठपुरावा केला आणि २०१७ साली फिबाने नियम बदलला. बदल झाला तोवर बिल्किस यांची खेळण्याची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

नव्या नियमाने स्कार्फ चालतो, पण संघातल्या सर्व मुलींचा एकाच रंगाचा. चेहऱ्याभोवती किंवा गळ्यापाशी उघडझाप करणारे काही नको, म्हणजे टाचणी आणि पिन बाद. लोंबणारे टोकही नको. म्हणून डोक्यावरून चढवायचा, शिवलेला, घाम शोषणारा स्कार्फ आधीच घ्यावा आणि घरच्या सरावातही तोच वापरावा. कडेने येणारा चेंडू त्यातून कितपत दिसतो, मान वळवताना तो सरकतो का, हे सामन्याच्या दिवशी नव्हे, गच्चीवर कळलेले बरे.