दुखतो पाय, मूळ कमरेत

शिंक आली की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत सणकन कळ जाते, आणि पाय कितीही चोळला तरी आराम पडत नाही. कारण सायटिकाचं मूळ पायात नसतंच. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली, म्हणजे तिचा काही भाग बाहेर आला, की शेजारच्या नसेच्या मुळावर दाब येतो, सूजही येते. दारावरचं बटण दाबलं की बेल घरात वाजते, तशी दाबली जाते कमरेतली नस, पण दुखतं ती जिथवर पोहोचते तिथे. शिंकताना कण्यातला दाब क्षणभर वाढतो, म्हणून कळ नेमकी तेव्हा उठते.

मग पडून राहिलं तर गादी जागेवर बसेल ना? तसं होत नाही. नेदरलँड्समधल्या १८३ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अंथरुणात काढणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. बाहेर आलेला भाग बऱ्याचदा शरीराच्या संरक्षक पेशीच हळूहळू फस्त करतात. म्हणून सोसेल तेवढं चालत राहावं, एकाच जागी तासन्‌तास बसू नये. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर तडक रुग्णालय गाठावं.