हातभर अंतर आणि रुंद भिंग

हल्ली महाविद्यालयाच्या कट्ट्यावर कॅमेऱ्यांची चर्चा सिनेमाच्या चर्चेपेक्षा अधिक रंगते. चालता चालता कॅमेरा स्वतःकडे वळवून प्रवासाचे चित्रण करायचे, सोबत बोलायचे, याला व्लॉग म्हणतात, हे आता प्राध्यापकवर्गासही सांगावे लागत नाही. परंतु त्यासाठी भिंग कोणते घ्यावे असे विचारले की उत्तर एकच: ‘वाइड घे!’ किती वाइड, ते कोणी सांगत नाही. वास्तविक हा हिशोब कलाशाखेच्या माणसालाही जमेल इतका सोपा आहे.

कॅमेरा धरून हात पुढे लांबवला तर भिंग चेहऱ्यापासून साधारण ६५ सेंटिमीटरांवर राहते. हे अंतर आपल्या हाताने ठरवलेले. बाजारातले कोणतेही भिंग ते वाढवू शकत नाही. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात प्रतिमा ज्या संवेदकावर पडते त्याची रुंदी ३६ मिलिमीटर. तिला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे आणि ६५ने गुणावे, की चेहऱ्यापाशी किती रुंदीचे दृश्य मावते ते कळते. ५० मि.मी.चे भिंग लावले तर अवघे ४७ सें.मी.; तोंड आणि खांदे, संपले. ३५ला ६७, २४ला सुमारे ९७, १६ला १४६. एपीएस-सी नावाच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात (विद्यार्थ्यांना परवडतो तो हाच) नाभीय अंतर दीडपट धरावे. १६चे भिंग तिथे २४सारखे वागते.

इथेच बहुतेकांची फसगत होते. चालताना बसणारे हिसके अनेक कॅमेरे चौकटीच्या कडा कापून सावरतात. समजा सव्वापट कापले, तर २४चे ३० होते आणि ९७ सें.मी.चे ७८ उरतात.

मला हे गणित मांडावे लागले ते आजीमुळे. आषाढीला आळंदीहून पायी निघायचेच असे ती म्हणते. तिचे गुडघे वेगळे म्हणतात. बहुधा ही तिची शेवटची वारी. दिवे घाटात आम्हां दोघांचे चेहरे आणि मागे घाट चढणारी दिंडी एका चौकटीत हवी. दोन माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर ९० सें.मी. सहज लागतात. ७८मध्ये एक तर आजी कापली जाईल, नाहीतर मी.

मग मिळेल तितके रुंद भिंग का घेऊ नये? कारण चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो, गाल कानापर्यंत पसरतात. चालताना कोपरे जेलीसारखे डुचमळतात. शिवाय दूरचे सारे लहान होते. रायगडावरून स्वच्छ हवेत तोरणा दिसतो, पण अतिरुंद भिंगात तो मुंगीएवढा उरतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. काही अतिरुंद भिंगांची पुढची काच इतकी फुगीर असते की तिच्यावर फिल्टर बसत नाही. चित्रणाचा वेग १/५० सेकंद ठेवला तर भर उन्हात राखी फिल्टरवाचून चित्र पांढरे पडते.

वजनाचे सांगायला नको. पसरलेल्या हातावर पाव किलोही तासाभरात शेर होतो.

माझ्या कॅमेऱ्यासाठी शेवटी दोन भिंगे उरली, दोन्ही सोनीची, दोन्ही २०२२ साली निघालेली: १० ते २० मि.मी.चे झूम, एफ/४, १७८ ग्रॅम. आणि ११ मि.मी.चे स्थिर, एफ/१.८, १८१ ग्रॅम. झूमची सोय मोठी, हे मान्य. पण पहाटेची काकड आरती मिणमिणत्या उजेडात होते, आणि एफ/१.८ला एफ/४च्या जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. ११ म्हणजे दीडपटीने साडेसोळा. कडा सव्वापट कापूनही ११३ सें.मी. हाती राहतात. मी ११च घेणार. झूमसाठी काय, पुढे-मागे चालता येते, आणि वारीत चालायचेच आहे. आजीला मात्र मध्ये घ्यायचे. कडेला मी उभा राहीन, माझे गाल पसरले तरी चालतील.