दुव्याचे शब्द म्हणजे पोत्यावरचा मार्का

आमच्या गुंजीजवळ लोंढा जंक्शन आहे. तेथे रेल्वेचे मार्ग फुटतात. एक घाट उतरून गोव्याकडे जातो, एक हुबळीकडे, तर एक खानापुरावरून बेळगावकडे. त्या स्थानकावर तीन बाण काढून प्रत्येकाखाली केवळ ‘इकडे’ एवढेच लिहिले, तर प्रवाशाने कोणती गाडी धरावी? प्रश्न वेडगळ वाटेल खरा. परंतु आमच्या पेढीने स्वतःच्या संकेतस्थळावर दोन वर्षे नेमके हेच केले होते.

आमच्या पहिल्या पानावर तांदूळ, जोंधळा आणि कडधान्ये ह्यांच्या दरांकडे नेणारे दुवे होते. आपण सर्रास ज्यास लिंक म्हणतो तेच हे दुवे होत. प्रत्येक दुव्यावर शब्द मात्र एकच : ‘येथे पाहा’. गोव्यातील आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे चिरंजीव धंदा पाहू लागले आणि त्यांनी भ्रमणध्वनीवर बेळगाव बासमतीचा घाऊक दर शोधला. त्यांस दुसऱ्याच पेढीचे पान सापडले व खरेदीही तेथेच झाली. माल आमच्या वखारीत होता, दर आमच्या पानावर होता. परंतु त्या पानाकडे जाणाऱ्या एकाही दुव्यावर ‘तांदूळ’ हा शब्द नव्हता. गिऱ्हाईक जाण्याचे कारण हे एकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण हा दोष आमचा होता, हे मान्य केले पाहिजे.

ह्यामागील तत्त्व समजून घेणे इष्ट आहे. शोधयंत्र एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेनेच जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गे ब्रिन ह्यांनी 1998 साली गुगलची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी एक मार्मिक गोष्ट मांडली. दुव्यावरील शब्द पुष्कळदा त्या पानाचे वर्णन खुद्द पानापेक्षाही अचूक करतात. म्हणून ते शब्द, दुवा ज्या पानाकडे नेतो त्या पानाच्या खात्यावर जमा करावेत. आज शोधयंत्रे इतर अनेक गोष्टी विचारात घेतात. तथापि दुव्याच्या शब्दांचे महत्त्व गेलेले नाही. पोते न उसवता आत काय आहे हे मार्का सांगतो, तसेच हे आहे.

आता शब्द कसे निवडावेत? प्रथम, मालाचे नाव घ्यावे. ‘येथे पाहा’ किंवा ‘अधिक वाचा’ ह्याऐवजी ‘बेळगाव बासमती : घाऊक दर’ असे लिहावे. कसोटी सोपी आहे. भोवतालचा मजकूर झाकून केवळ दुवा वाचावा. कोठे जावयाचे ते कळले तर शब्द योग्य. अंध बांधव पडदावाचकाच्या साहाय्याने पानावरील केवळ दुव्यांची यादी ऐकू शकतात. त्यांच्या कानी दहा वेळा ‘येथे पाहा’ पडले तर त्यांनी काय समजावे?

दुसरे, शब्द मोजके असावेत. अख्खा परिच्छेद दुव्यात गुंतवू नये. तिसरे, निरनिराळ्या पानांस निरनिराळे शब्द द्यावेत. चौथे, पोत्याचे छायाचित्र हाच दुवा असेल, तर चित्रामागे लिहावयाच्या पर्यायी मजकुरात मालाचे नाव घालावे, कारण तेथे शोधयंत्र तोच मजकूर दुव्याचे शब्द म्हणून वाचते.

पाचवी गोष्ट आमच्या सीमाभागाची आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झाले; परंतु कित्येक गिऱ्हाइके अजून बेळगाव असेच लिहितात. कोणी मराठीत शोधतो, कोणी कन्नडमध्ये, कोणी रोमन लिपीत. म्हणून गिऱ्हाइकाच्या तोंडी जो शब्द आहे तो घ्यावा. एका पानावर एक रूप आले तर दुसऱ्यावर दुसरे येऊ द्यावे. मात्र एकाच दुव्यात सगळी नावे कोंबू नयेत.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. 2003 साली अनेकांनी संगनमत करून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे दुवे अमेरिकेचे अध्यक्ष बुश ह्यांच्या चरित्राच्या पानाकडे वळविले आणि गुगल त्या शब्दांवर तेच पान प्रथम दाखवू लागले. 2007 साली गुगलने ही पळवाट बुजविली, आणि 2012 च्या एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ नावाच्या सुधारणेने बनावट दुव्यांच्या जोरावर वर आलेली अनेक स्थळे खाली ढकलली. आजही दलाल दूरध्वनी करून हजारो दुवे विकू पाहतात. ते घेऊ नयेत. आपल्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली माल खपविणे, सांगितला आहेच. दुव्यावर ‘आंबेमोहोर’ आणि पानावर भलताच तांदूळ, हा त्याचाच प्रकार होय.

त्यापेक्षा वाहतूकदार, गिऱ्हाईक व अन्य व्यापारी बंधू ह्यांच्या स्थळांवर आपला उल्लेख असेल, तेथे नुसते ‘संकेतस्थळ’ न लिहिता पेढीचे नाव व मालाचे नाव लिहावे, अशी त्यांस विनंती करावी. आम्ही आमच्या पानावरील दुवे एका दुपारी बदलले. खर्च शून्य आला. गेलेले गिऱ्हाईक परत आणणे मात्र एका दुपारचे काम नव्हे. म्हणून, बंधूंनो, आज घरी गेल्यावर आपापले पान उघडून दुवे तेवढे वाचून पाहावेत, एवढीच विनंती.