जामखेडची शिदोरी

जामखेड तालुक्याचं नाव इतिहासात दोन कारणांनी येतं. १७९५ची खर्ड्याची लढाई इथली आणि अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडीही इथलंच. ज्या बाईनं देशभर विहिरी, घाट आणि अन्नछत्रं उभी केली, तिच्या माहेरचा हा मुलूख मात्र पाण्याला आणि अन्नाला तरसत राहिला. बालाघाटाच्या डोंगरांतला, नगर (आता अहिल्यानगर) आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा तालुका. पाऊस झाला तर ज्वारी पिकायची, नाही झाला तर कोयता घेऊन ऊसतोडीची वाट धरायची. अशा ठिकाणी १९७० साली एक डॉक्टर जोडपं कायमचं राहायला आलं. एका पडीक गुरांच्या दवाखान्यात त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातल्याच ख्रिस्ती शिक्षक कुटुंबातले. डॉ. मेबल आरोळे मूळच्या जबलपूरच्या. त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथल्या गुणवंतांत गणले गेले. १९६०मध्ये लग्न करतानाच त्यांनी ठरवलं होतं की आपलं आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. येशूच्या सेवेचा अर्थ त्यांना त्यातच सापडला होता. महाराष्ट्राला ही परंपरा नवी नव्हती. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४मध्ये उभं केलेलं मिशन हॉस्पिटल, केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी उघडलेलं मुक्ती मिशन, ही त्याच वाटेवरची आधीची पावलं होती.

आरोळे दांपत्याची पहिली कर्मभूमी नगर जिल्ह्यातलंच वडाळ्याचं मिशन हॉस्पिटल. तिथं ते दिवसरात्र राबले, शस्त्रक्रिया केल्या, बाळंतपणं केली. पण एक गोष्ट त्यांना बोचू लागली. हगवणीनं सुकलेलं मूल सलाइन लावून वाचवायचं आणि तेच मूल काही आठवड्यांनी पुन्हा तसंच सुकून यायचं. धनुर्वातानं आखडलेलं नवजात बाळ पोचायचं तेव्हा हाताशी करण्यासारखं फारसं उरलेलं नसायचं. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे होते, आणि त्यांची मुळं दवाखान्यापासून कितीतरी कोसांवर, गावात होती. पुढं अमेरिकेत शिकत असताना, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेताना, त्यांनी या प्रश्नाचा आराखडा बांधला. परतल्यावर त्यांनी गाव निवडलं ते जामखेड.

गावकऱ्यांसमोर बसल्यावर त्यांना पहिला धडा मिळाला. लोकांना दवाखाना नंतर हवा होता. आधी हवं होतं पाणी, आणि पोटाला भाकर. त्यातच १९७२चा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले, गुरं चाऱ्याविना मेली. आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पानं गावोगावी लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू केली. सुरुवातीला धान्य मदत म्हणून बाहेरून आलं, पण चूल गावानं पेटवली. लाकूडफाटा गावाचा, रांधणारे हात गावाचे. पुढं शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे या मुलांच्या धान्यासाठी दिले. बाहेरून आलेल्या पोत्यांवर सुरू झालेलं काम गावच्या शिवारावर चालू लागलं, आणि या संस्थेच्या कामाचा सगळा स्वभाव याच घटनेत आहे.

पाण्याचंही तसंच. काळ्या कातळात खोल छिद्र पाडणारी यंत्रं आली, हातपंप बसू लागले. जागा ठरवायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी भूगर्भतज्ज्ञाला सांगितलं, पाणी दलित वस्तीत शोधा. पंप तिथं बसला आणि ज्या वस्तीच्या सावलीलाही गाव टाळत होतं, तिथं सगळ्या गावच्या बायका हंडे घेऊन येऊ लागल्या. विहिरीला शिवायची बंदी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सोसली, त्यांच्या दारात पाण्याची रांग लागली. एका भाषणानं हे झालं नसतं.

मग प्रश्न आला आरोग्याचा. आधी शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. त्या परक्या गावच्या, तरण्या, एकट्या. रात्रीबेरात्री बाहेर पडणं त्यांना धोक्याचं, आणि त्यांच्या सांगण्यावर म्हाताऱ्यांचा विश्वास बसेना. तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली की आमच्याच गावची बाई शिकवा. हीच या प्रकल्पाची कळीची गोष्ट ठरली.

आरोग्यसेविका म्हणून निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कित्येक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. कधी कुणी नाव घेऊन हाक मारलेली नाही, अशा. जामखेडला शिकायला आल्या तेव्हा ‘मी काय शिकणार’ हे पहिलं कुलूप फोडावं लागलं. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका पंगतीत जेवल्या, एकाच मोठ्या पांघरुणाखाली ओळीनं झोपल्या. शरीराची रचना शिकता शिकता माणसामाणसातलं अंतरही त्यांनी तपासून पाहिलं. लिहिता न येणाऱ्या या बायकांनी सगळं पाठ केलं, एकमेकींना म्हणून दाखवलं, आणि दर आठवड्याला जामखेडला येऊन नवं शिकत राहिल्या. वर्षानुवर्षं.

गावात परतून त्यांनी काय केलं? बाळाचं पहिलं चिकाचं दूध वाईट म्हणून फेकत, ते आईनं पाजावं म्हणून सासूबाईंच्या शेजारी बसून समजावलं. पोटुशी बाई कमी जेवली तर बाळ लहान होऊन सुटका सोपी होते, या समजुतीला पालेभाजी, डाळ आणि दोन घास जास्तीचं उत्तर दिलं. नाळ कापायला विळ्याऐवजी निर्जंतुक ब्लेड आणि दोरा आणला. नवजात बाळांचा धनुर्वात हळूहळू गावातून गेला. हगवण लागलेल्या मुलाचं पाणी तोडायची रीत होती. तिथं त्यांनी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कालवायला शिकवलं. मीठ आणि साखर घरात होतीच, कुणी सांगणारं नव्हतं. कुष्ठरोगाचा बधिर डाग ओळखला, क्षयाच्या रोग्याला गोळ्या पुऱ्या करायला लावल्या, आणि हे देवीचे कोप नाहीत हे अंगणाअंगणात सांगितलं.

त्यांची ही पगारी नोकरी नव्हती. पोटासाठी कुणी शेळ्या पाळल्या, कुणी बांगड्या विकल्या. महिला मंडळांतून छोटी कर्जं मिळाली, शेतकरी मंडळांनी झाडं लावली, पाणी अडवलं. जे त्यांच्या आवाक्याबाहेरचं, ते जामखेडच्या रुग्णालयाकडं जायचं. परवडेल तेवढ्यात तिथं शस्त्रक्रिया होते, अडलेली बाळंतीण सुटते. पाय गमावलेल्यांसाठी तिथं कार्यशाळेत जयपूर फूट बनतात. दवाखाना राहिला, पण तो वाटेचा शेवटचा टप्पा झाला.

या कामाचा हिशेब मुलांच्या जिवांत मोजावा लागतो. प्रकल्पाच्या गावांत १९७१मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागं १७६ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. १९९३पर्यंत हा आकडा १९वर आला. कुणाही नावाजलेल्या शल्यविशारदाच्या हातून हे झालेलं नाही. हे अंगठा उठवणाऱ्या बायकांनी केलं.

जगानं त्याची दखल घेतली. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकसहभागाच्या आरोग्यप्रयोगांवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. तीनच वर्षांनी अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. १९९२पासून जामखेडला प्रशिक्षण संस्था चालते. परदेशातले डॉक्टर आणि विद्यार्थी तिथं येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच आरोग्यसेविका असतात. मेबलताई १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये. पुढच्या पिढीनं, मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी, काम हाती घेतलं.

ख्रिस्ती सेवाकार्याबद्दल आपल्याकडं एक शंका नेहमी घेतली जाते, की फुकटच्या औषधामागं काही हेतू आहे का. जामखेडकडं पाहिलं तर उत्तर स्पष्ट मिळतं. तिथली आरोग्यसेविका आपल्या देवाची वारीही करते आणि आपल्या गावची बाळंतपणंही पार पाडते. आरोळ्यांचा विश्वास त्यांच्या कामात उतरला, आणि गावाकडून त्यांनी मागितला तो फक्त सहभाग. भुकेल्याला भाकर देणं हे पुण्य आहेच. पण जामखेडनं त्या भाकरीबरोबर आयुष्यभर पुरेल अशी शिदोरी बांधून दिली, आणि ती शिदोरी माहितीची होती. औषध संपतं. नाळ कशी कापायची हे ज्या बाईला कळलं, तिच्याकडून ते कुणी परत घेऊ शकत नाही.

२००५मध्ये देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगावी ‘आशा’ सेविका नेमल्या गेल्या. गावची बाई, गावानं निवडलेली, गावातच राहणारी: हा विचार जामखेडनं तीन दशकं आधी जगून दाखवला होता. आज तुमच्या दारी आशाताई वही घेऊन येईल तेव्हा तिला उंबऱ्यातून परत पाठवू नका. तिला आत बोलवा, पाणी द्या, ती काय सांगते ते ऐका, आणि तिच्या कामाचं मोल तिला वेळेवर मिळावं म्हणून ग्रामसभेत एक आवाज तुमचाही असू द्या.