डोलकाठीचा भार कुणावर?

नोव्हेंबर 2018. दक्षिण पॅसिफिकमध्ये एका प्रचंड लाटेने ज्याँ-ल्युक व्हॅन डेन हीड या 73 वर्षांच्या फ्रेंच दर्यावर्दीची छोटी शिडाची बोट आडवी केली. बोट सावरली, पण डोलकाठीला खालच्या तारा जोडणारा बोल्ट ॲल्युमिनियम चिरत खाली सरकला होता. तारा ढिल्या पडल्या, डोलकाठी हलू लागली. भर समुद्रात पुन्हा पुन्हा वर चढून त्यांनी तो जोड बांधून घेतला आणि 29 जानेवारी 2019 रोजी एकट्याने जगप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत जिंकली. याच शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली होती. ती बोट नवी होती. वादळापुढे नव्या बोटीचीही धडगत नसते, मग वीस-तीस वर्षांच्या बोटीची काय कथा!

डोलकाठी उभी राहते ती चारी बाजूंनी ताणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारांमुळे. या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांत बदलाव्यात, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. उष्ण, खारट हवेत त्याआधीच.

वरून त्या चकचकीत दिसतात, आणि खरा धोका तिथेच आहे. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा अतिसूक्ष्म थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. तारेच्या खालच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीत खारं पाणी झिरपून साचतं, तिथे हवा पोहोचत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. तारा बोटीला जोडणाऱ्या, डेकमधून आरपार जाणाऱ्या धातूच्या पट्टीचं, म्हणजे चेनप्लेटचंही तेच: दिसणारा भाग लखलखीत, डेकच्या जाडीत दडलेला भाग तडकलेला. म्हणून नव्या तारा जुन्या चेनप्लेटला जोडून मोकळं होणं म्हणजे अर्धंच काम. चेनप्लेट काढून, पुसून, भिंगाखाली पाहायलाच हवी. नळीवर केसाएवढी चीर किंवा तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर ती तार बाद.

डेकवरचे दोर अडकवायचे क्लीट, दोर ओढायचे विंच, कठड्याचे खांब यांचं दुखणं वेगळं. पुष्कळ जुन्या फायबरग्लास बोटींच्या डेकमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो. बोल्टभोवतीचं सीलंट वाळलं की पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. नुसतं नवं सीलंट फासून काही होत नाही. कुजलेला भाग खरवडून काढायचा, उरलेलं लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, भोक मोठं करून खालून चिकटपट्टी लावायची, दाट इपॉक्सी भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. मग पाणी आलंच तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. बोल्ट आवळताना वरचं डोकं स्थिर धरून खालची नट फिरवावी, म्हणजे सीलंटची कड फाटत नाही. नटखाली रुंद धातूची पट्टी हवीच; नाहीतर जोराच्या ओढीने क्लीट डेकसकट उखडतो.

डोलकाठी न उतरवताही एकेक तार बदलता येते, तोवर शीड चढवायच्या दोराने तात्पुरता आधार देऊन. पण डोलकाठीच्या टोकाचे जोड जमिनीवर जितके नीट तपासता येतात तितके झुल्यात लटकून येत नाहीत. जुन्या बोटीसाठी ती एकदा उतरवावीच.

जुनी बोट घेणाऱ्याने रंग आणि गाद्या पाहण्याआधी विचारावं, तारा शेवटच्या कधी बदलल्या? पावती नसेल, तर त्या जुन्याच आहेत असं समजून नव्या तारांचा खर्च बोटीच्या किमतीत धरावा.