दुकानातला ए.सी. : अठराचा हट्ट महागात पडतो

कापडाच्या दुकानात ए.सी. ही आता चैन राहिलेली नाही. ऐन लग्नसराईत मालेगावात पारा ४२ वर गेला की पंख्याखाली बसलेले गिऱ्हाईक दोन कापडे पाहून उठते. सबब आम्हीही दीड टनाचे मशीन बसवले आणि रिमोटवर १८ चा आकडा लावून मोकळे झालो. महिनाअखेरीस बिल हाती आले तेव्हा वाटले, मीटर बिघडले असावे.

मीटर ठीक होते, चूक आमची होती. व्यापारी बांधवांत सर्रास समज आहे की १८ लावले म्हणजे दुकान लवकर गार होते. आमच्यासारख्या साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये तसे होत नाही. कॉम्प्रेसर एक तर चालू असतो, नाही तर बंद. त्याने थांबायचे केव्हा, एवढेच तो आकडा ठरवतो. आमचा दरवाजा दिवसभर उघडझाप, वर शोकेसमध्ये हॅलोजनचे दिवे. तिथे १८ अंश येणार कुठून? त्यामुळे सकाळी दहाला सुरू झालेला कॉम्प्रेसर रात्री नऊपर्यंत कट होत नसे, आणि चालू असताना असे मशीन ताशी साधारण दीड युनिट खाते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

वास्तविक ए.सी. गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीला पाणी जितके खोल तितका पंपाला जोर, तसेच हे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी या सरकारी संस्थेच्या अंदाजाने आकडा एका अंशाने वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या मशीनवर कारखान्यातूनच २४ लावून येतो तो याचसाठी. आम्ही २५ लावतो आणि छताचा पंखा मंद ठेवतो.

इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या भाच्याकडे हेच मशीन उलटे चालते. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घर उबदार करते, त्याला तिथे हीट पंप म्हणतात. त्यालाही बसवणाऱ्याने बजावले की रात्री फार खाली उतरवून सकाळी एकदम चढवू नकोस.

आपल्या धंद्यातली एक खास अडचण म्हणजे सुताची लव. ती फिल्टरवर बसते, हवा कोंडते. आमच्या कारागिराने दोनदा ग्यास भरून पैसे घेतले, फिल्टर मात्र उघडून पाहिला नाही! आता पंधरा दिवसांनी आम्हीच धुतो. ए.सी.पुढे ताग्यांची थप्पीही लावू नये. गार हवा तिच्यावर आपटून परत मशीनकडेच जाते, मशीनला वाटते दुकान गार झाले, आणि गिऱ्हाईक घाम पुसत बसते.

रिमोट हल्ली गल्ल्यात कुलपाखाली असतो. दुकानातली पोरे कुरकुरतात, गिऱ्हाइकाने अजून तक्रार केलेली नाही.